चिंचेचे एकच पान

ग्वाल्हेरात हजिऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळ चिंचेचे एक झाड आहे. गाणाऱ्याने त्याचे पान चघळले की गळा गोड होतो, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. दर डिसेंबरात समारोहाच्या निमित्ताने देशभरचे गवई येतात, त्यांचे शागीर्द येतात, हौशी मंडळी येतात. जो तो समाधीला नमस्कार करतो, एखादे पान तोंडात टाकतो आणि चार पाने रुमालात बांधून घेतो. कोणाच्याही मनात वाईट नसते. मूळचे झाड मात्र कधीच गेले. आज उभे आहे ते त्याच्या जागचे दुसरे. पाला तोडण्याची चाल तेवढी मूळची राहिली आहे.

मूळ झाड केवळ गवयांनी ओरबाडल्यामुळे गेले, असे मी म्हणणार नाही. झाडालाही वय असते. परंतु ज्या झाडावर इतक्यांची श्रद्धा, त्याच्या एका पानाचेही रक्षण त्या श्रद्धेने केले नाही, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. त्या झाडाला कोणी वैरी नव्हता. कुऱ्हाड घेऊन त्याच्यावर कोणी धावून गेले नाही. जे आले ते भक्तच आले.

ही चिंच मला अलीकडे वारंवार आठवते, ती एका मोठ्या प्रश्नाच्या संदर्भात. हवा तापते आहे, पाऊस अवेळी पडतो आहे, नद्या आटत आणि नासत चालल्या आहेत, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हवेतल्या कर्बवायूचे प्रमाण यंत्रयुगापूर्वी दहा लाख भागांत सुमारे २८० होते. हवाई बेटावरील मौना लोआ पर्वतावर १९५८ साली रीतसर मोजणी सुरू झाली तेव्हा ते ३१५च्या आसपास भरले. आता ते ४२०च्याही पुढे गेले आहे. यंत्रयुगापूर्वीच्या मानाने दीड अंशाहून अधिक तापलेले पहिले वर्ष म्हणून २०२४ सालाची नोंद झाली. हे आकडे शास्त्रज्ञांचे. त्यांवर वाद घालण्याचा मला अधिकार नाही. मी गाणे शिकवून पोट भरणारा माणूस. परंतु हे आकडे समोर असता माणसाने वागावे कसे, हा प्रश्न एकट्या शास्त्रज्ञांच्या मालकीचा नव्हे. तो नीतीचा प्रश्न आहे, आणि नीतीच्या प्रश्नावर प्रत्येक गृहस्थाला कधी ना कधी तोंड उघडावे लागते.

आपल्या मंडळींत, म्हणजे शिंद्यांच्या फौजेबरोबर व दफ्तराबरोबर इकडे येऊन लष्करात वाडे बांधून राहिलेल्या जुन्या मराठी घरांत, हा विषय निघाला की एक उत्तर ठरलेले असते. हे सारे पाप पश्चिमेचे. त्यांनी निसर्गाला दासी मानले, आम्ही माता मानली. आमच्या बायका वडाला सूत गुंडाळतात, आमच्या अंगणात तुळस आहे, आम्ही नागोबाला दूध दाखवतो आणि स्नान करताना सात नद्यांची नावे घेतो. तेव्हा जगाने आमच्याकडून शिकावे, आम्ही काय शिकायचे? पानसुपारी होते आणि विषय संपतो.

या उत्तराला परदेशातूनही पाठबळ मिळालेले आहे. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निबंध लिहिला. मनुष्य हा सृष्टीचा धनी आणि सृष्टी त्याच्या उपयोगासाठी, या पाश्चात्त्य ख्रिस्ती धारणेत आजच्या अरिष्टाची मुळे आहेत, असा त्याचा आशय होता. निबंध गाजला. पूर्वेकडच्या वाचकांना तो गोड लागला असेल तर नवल नाही. परंतु दुसऱ्याच वर्षी यी-फू तुआन या चीनमध्ये जन्मलेल्या भूगोलशास्त्रज्ञाने एक अवघड गोष्ट दाखवून दिली. लोक निसर्गाविषयी काय बोलतात आणि निसर्गाशी कसे वागतात, या दोहोंत मोठे अंतर असते. चीनच्या कवींनी आणि चित्रकारांनी डोंगर, धुके आणि पाइन वृक्ष यांना जेवढे गौरविले तेवढे क्वचितच कोणी गौरविले असेल. आणि त्याच चीनचे डोंगर शतकानुशतके उघडे पडत गेले. लिहिण्याच्या शाईला काजळी लागे, ती काजळी पाइन जाळून करीत. म्हणजे वृक्षाची स्तुतीदेखील वृक्षाच्याच राखेने लिहिली जात होती. हजिऱ्याच्या चिंचेची आणि या पाइनची जात एकच आहे.

आपल्या गंगेकडे पाहा. तिच्यावरील भक्तीत आजवर तसूभर उणे पडलेले नाही. तिच्या शुद्धीकरणाची सरकारी योजना १९८६ साली सुरू झाली, पुढे नवनव्या नावांनी चालत राहिली, आणि तरी गावोगावचे मैलापाणी तिला मिळतच राहिले. आई म्हणून हाक मारणारा मुलगा आईच्या औषधाचे पैसे देतोच असे नाही, हे आपण घरोघरी पाहिले आहे. नदीच्या बाबतीत तेवढे पाहण्याचे धैर्य आपल्याला होत नाही.

२०१७ सालच्या मार्च महिन्यात दोन देशांत एकाच वेळी घडलेली गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा व यमुना यांना कायद्याच्या दृष्टीने ‘व्यक्ती’ ठरविले आणि सरकारी अधिकाऱ्यांना त्यांचे पालक नेमले. ज्यांना पालक नेमले त्यांचेच सरकार सर्वोच्च न्यायालयात धावले: उद्या पूर येऊन नुकसान झाले तर दावा कोणावर लावायचा? जुलैत त्या निकालाला स्थगिती मिळाली. त्याच मार्चात न्यूझीलंडच्या संसदेने व्हांगानुई नदीला असेच व्यक्तित्व दिले. तेथे मावरी लोकांनी त्या नदीसाठी शंभराहून अधिक वर्षे झगडा केला होता. त्यामुळे नुसते नाव देऊन भागले नाही. एक पालक सरकारचा, एक नदीकाठच्या लोकांचा, असे दोन राखणदार नेमले गेले, त्यांची कर्तव्ये लिहिली गेली आणि नदीच्या प्रकृतीसाठी निधी बाजूला काढला गेला. आदर दोन्ही ठिकाणी होता. राखणदार आणि रोकड एकाच ठिकाणी होती.

तात्पर्य, भक्ती ही भावना आहे आणि मर्यादा हा नियम आहे. भावनेने नियमाचे काम होत नाही. हे म्हणणे कोणास रुक्ष वाटेल, म्हणून ते थोडे खोलात जाऊन पाहू.

चिंचेच्या पाल्याचे गणित अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली मांडले. फक्त त्यांनी चिंचेऐवजी गायरान घेतले. सर्वांच्या मालकीच्या कुरणावर प्रत्येक गुराख्याला वाटते की आपण एक जनावर जास्त सोडले तर काय बिघडणार आहे? फायदा सगळा आपला, झीज मात्र सर्वांत वाटली जाणार. असे प्रत्येकालाच वाटते आणि कुरण उजाड होते. यात कोणीही दुष्ट असण्याची गरज नाही. “माझ्या एका पानाने काय होते?” हे वाक्य दहा हजार तोंडांतून निघाले की झाड जाते. धुराड्यांचे, मोटारींचे आणि वातानुकूल यंत्रांचे गणित याहून निराळे नाही.

हार्डिन यांचा निष्कर्ष निराशेचा होता: कुरण एक तर खाजगी करा किंवा सरकारच्या दंडुक्याखाली द्या. त्याला उत्तर दिले एलिनोर ऑस्ट्रॉम या विदुषीने. त्यांनी नुसता तर्क केला नाही. जगात जेथे जेथे सामाईक कुरणे, कालवे व जंगले शेकडो वर्षे टिकली आहेत, तेथे ती कशाने टिकली ते पाहिले. त्यांचा ग्रंथ १९९० साली आला आणि २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. स्वित्झर्लंडमधील ट्योर्बेल या डोंगरी गावात १५१७ साली लिहिलेला एक नियम आहे: हिवाळाभर ज्याला आपल्या गोठ्यात जितकी गुरे पोसता येतील, तितकीच त्याने उन्हाळ्यात गावच्या कुरणावर सोडावी. स्पेनमध्ये व्हॅलेन्सिया शहरी कालव्याच्या पाण्याचे तंटे सोडविण्यासाठी दर गुरुवारी मुख्य चर्चच्या दाराशी शेतकऱ्यांचीच पंचायत बसते. ती शतकानुशतके बसत आली आहे. या सर्व ठिकाणी ऑस्ट्रॉमबाईंना ज्या गोष्टी समान आढळल्या त्या साध्या आहेत. नियम गावाने स्वतः केलेला असतो, तो पाळला जातो की नाही हे पाहणारा कोणीतरी गावातलाच असतो, आणि मोडणाऱ्याला प्रथम थोडा, मग अधिक, असा दंड होतो. या यादीत कुरणाची पूजा कोठे नाही. पूजेला त्यांची ना नाही. पण कुरण टिकले ते नियमामुळे.

आता, नियम म्हटला की आपले तरुण कपाळाला आठ्या घालतात. मर्यादा म्हणजे काटकसर, काटकसर म्हणजे दारिद्र्य, असे त्यांना वाटते. येथे मात्र मला माझ्या धंद्यातले बोलण्याचा अधिकार आहे. नवा विद्यार्थी भूप शिकू लागला की काही दिवसांनी विचारतोच, “गुरुजी, पेटीवर मध्यम आहे, निषाद आहे, मग घ्यायचे का नाहीत?” त्याला सांगावे लागते की बाबा, ते स्वर कोणी चोरून नेलेले नाहीत, ते तुझ्या गळ्यातही आहेत. ते तू घेत नाहीस म्हणूनच हा भूप आहे. मध्यम-निषाद वर्ज्य केल्याने जी जागा मोकळी होते तीत गांधार उभा राहतो. पुढे तोच मुलगा त्याच पाच स्वरांत देसकार गाऊ लागतो, आणि पाच स्वरांतही एक नव्हे तर अनेक जगे मावतात हे त्याला कळते. सगळे स्वर सगळीकडे घेणाऱ्याला श्रीमंत गवई कोणी म्हणत नाही. वर्ज्याचा हा संस्कार आपल्या समाजाच्या कानांवर शेकडो वर्षे झाला आहे. तो खाण्यापिण्यात, बांधण्यात आणि वापरण्यात उतरू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

परंतु ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि जेथे ती अपुरी पडते तेथेच नीतीचा खरा प्रश्न आहे. रागात विवादी स्वराची एक सोय असते. केदार-हमीरात कोमल निषाद असा हळूच लावतात. तो कोणी लावावा? ज्याचा अधिकार आहे त्याने, आणि तोही क्वचित. मैफलीत हे ठीक. चुकले तर फार तर बैठकीचा रंग जाईल. संसारात मात्र मोठ्यांनी विवादीची मुभा कायमची आपल्याकडे घेतली आहे, आणि ती चुकते तेव्हा किंमत भलताच कोणी मोजतो. अमेरिकेत दर माणशी वर्षाला सुमारे चौदा टन कर्बवायू सोडला जातो, भारतात सुमारे दोन टन. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ सालीच विचारले होते की भातशेती करून पोट भरणाऱ्याच्या धुराला आणि चैनीच्या मोटारीच्या धुराला एकाच मापाने कसे मोजता? १९९२ साली रिओच्या परिषदेत जगाने मान्य केले की जबाबदारी सर्वांची, पण सारखी नव्हे. हा न्याय आपण परदेशाला मोठ्या आवाजात सांगतो. तोच न्याय देशाच्या आत लावला तर वाड्यात, बंगल्यात आणि मोटारीत राहणारे आपण कोणत्या बाजूला निघू, हे विचारायचे राहून जाते.

याचे उदाहरण फार लांब शोधायला नको. नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी १९७३ साली असा विचार मांडला की प्रत्येक प्राण्याला, झाडाला, नदीला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःची किंमत असते. नेस गांधीजींचे मोठे अभ्यासक होते, आणि एका धबधब्यावर धरण होऊ नये म्हणून १९७० साली ते स्वतः सत्याग्रहाला बसले होते. त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण १९८९ साली रामचंद्र गुहा यांनी त्याची दुसरी बाजू दाखविली: भारतासारख्या दाट वस्तीच्या देशात रान राखायचे म्हणजे रानात राहणाऱ्यांना उठवायचे, असा त्याचा अर्थ होऊन बसतो. तेव्हा राखण्याचे पुण्य शहराला आणि उठण्याचे दुःख गरिबाला.

आपल्या शेजारचे कुनोचे जंगल घ्या. गीरचे सिंह तेथे आणायचे म्हणून गेल्या शतकाच्या अखेरीस व या शतकाच्या आरंभी तिथली चोवीस गावे उठविण्यात आली. बहुतेक माणसे सहरिया आदिवासी. सिंह द्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला. सिंह काही आले नाहीत. २०२२च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ आणि २०२३च्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेहून बारा चित्ते मात्र आले. चित्त्याच्या येण्याचा मला आनंद आहे. पण भारतातला चित्ता संपविला कोणी? १९४७ साली शेवटचे तीन चित्ते पडले ते कोरिया संस्थानात, राजाच्या बंदुकीने. आपल्या शिवपुरीच्या रानात वाघांच्या शिकारी झाल्या त्या व्हाइसरॉयांसाठी आणि दरबाराच्या पाहुण्यांसाठी. माझे आजोबा दरबारी गवई, पुढे वडीलही. १९७१ साली तनखे बंद होईपर्यंत वडिलांनी ती चाकरी केली. शिकारीच्या तळावर रात्री गाणे होई आणि आजोबा तेथे गात, हे आमच्या घरी कौतुकाने सांगितले जाई. बंदूक त्यांच्या हाती नव्हती, पण त्या रोषणाईत त्यांची बैठक होती, जशी तुमच्यापैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांचीही होती. त्या रोषणाईत सहरिया होता तो हाकाऱ्याच्या रांगेत. रान रिकामे झाले तेव्हा त्याचे मत कोणी विचारले नाही, आणि रान पुन्हा भरायचे ठरले तेव्हा घर त्याचे गेले. मर्यादा पाळायची वेळ आली की ती सर्वांत कमी घेणाऱ्याच्या वाट्याला यावी, ही आपल्या निसर्गप्रेमाची सर्वांत लाजिरवाणी बाजू आहे.

म्हणून माझे म्हणणे दोनच गोष्टींत आटोपते. श्रद्धा असेल तेथे तिच्या जोडीला लिहिलेला नियम आणि नेमलेला राखणदार हवा. आणि नियमाची सुरुवात ज्याने अधिक घेतले त्याच्यापासून व्हावी.

हे अशक्य आहे काय? आम्हां वाद्यवाल्यांचा अनुभव तसा नाही. एके काळी तंबोऱ्या-सतारीची घोडी सांबरशिंगाची असे आणि वाद्य श्रीमंताचे असेल तर त्यावर हस्तिदंताचे काम असे. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला आणि पुढे या दोहोंचा व्यापार बंद झाला. तेव्हा आमच्या बिरादरीत मोठा हलकल्लोळ झाला. जवारी आता बोलणार नाही, सूर मरेल, असे भले भले उस्ताद म्हणू लागले. माझे वडीलही म्हणत. कारागिरांनी मुकाट्याने दुसरी साधने घेतली, कानस चालवली, दोरा सरकवून सरकवून जवारी लावली. आज माझ्या वर्गात मिरजेहून आलेला तंबोरा आहे. त्याच्या घोडीला शिंग नाही, आणि त्याचा षड्ज भरलेला आहे. शिसवाच्या जातींच्या परदेशी व्यापारावर २०१७ साली कडक निर्बंध आले तेव्हाही वाद्यवाले हवालदिल झाले. अनुभव पाहून २०१९ साली तयार वाद्यांना सवलत देण्यात आली. नियम असा असतो. तो करावा, पाळावा, चुकला तर दुरुस्त करावा. सूर मरत नाही; फार तर कारागिराला चार दिवस अधिक घासावे लागते.

राहता राहिला आपल्या गावाचा प्रश्न. २०२३च्या ३१ ऑक्टोबरला युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली जगातल्या शहरांच्या हवेचे जे आकडे प्रसिद्ध केले, त्यांत सूक्ष्म धुळीच्या बाबतीत हेच शहर जगात दुसरे होते: घनमीटरला १७६ मायक्रोग्रॅम. आपल्या सरकारची मर्यादा ४० आहे. त्या संघटनेची तेव्हाची शिफारस १० होती आणि २०२१पासून ती ५ आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम २०१९ साली आखला गेला तेव्हा मर्यादा ओलांडणाऱ्या शहरांत ग्वाल्हेरचे नाव होतेच. गाणे म्हणजे अखेर दमसास. पहाटे खर्ज भरायला बसलेले पोर ज्या हवेने छाती भरते ती हवा अशी असेल, तर चिंचेचे पान चघळून त्याचा गळा किती सुधारणार? आणि ज्याला मुळी वर्गात बसायची सवड नाही, जो रस्त्यावर खडी फोडतो किंवा गाडी ओढतो, तो तर दिवसभर तीच हवा घेतो.

पाण्याचे तसेच. सांक नदीवरचे तिघऱ्याचे धरण शिंदे सरकारच्या काळचे. शहर अजून त्यावर जगते. पाऊस कमी झाला की नळाला दिवसाआड पाणी येते आणि मग चंबळीचे पाणी आणा, अशी हाकाटी सुरू होते. ती मागणी व तिच्या योजना कित्येक वर्षांच्या आहेत. चंबळीत सुसरी आहेत. जगात उरलेल्या सुसरींपैकी बहुसंख्य त्याच एका नदीत आहेत. त्यांच्या तोंडचे पाणी ओढण्याआधी आपल्या अंगणात काय होते ते पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

अंगणात विहिरी होत्या. लष्करातल्या बहुतेक जुन्या वाड्यांत एक तरी होती, दगडी बांधणीची, रहाटाची. नळ आले तशा त्या अडगळ झाल्या. आता वाडे एकेक करून विकले जात आहेत, त्या जागी मजले चढत आहेत, आणि पायाभरणीच्या दिवशी प्रथम विहीर राडारोड्याने बुजवली जाते. बुजवण्याआधी तिची पूजा करतात, नारळ फोडतात, हेही मी पाहिले आहे. हजिऱ्याच्या चिंचेपेक्षा हे उदाहरण मला अधिक बोचते, कारण येथे झाड तानसेनाचे नाही, विहीर आपली आहे.

तेव्हा जुन्या घरांच्या मंडळींपुढे मी एक नियम ठेवतो. तो ट्योर्बेलच्या गुराख्यांकडून घेतला आहे, त्यामुळे परका वाटेल. पण आपल्या आजीला तो सांगितला असता तर तिला नवा वाटला नसता. जितके पावसाचे पाणी आपल्या आवारात मुरवू, तितकेच जमिनीतून उपसू. जो वाडा राहतो आहे त्याने पन्हाळीचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. जो विकतो आहे त्याने विक्रीच्या कागदातच लिहून घ्यावे की विहीर बुजवली जाणार नाही, तिच्यात पाणी मुरवले जाईल; त्यापायी भाव थोडा कमी आला तर तो सोसावा. ज्यांच्याकडे विहीर नाही, फक्त कूपनलिका आहे, त्यांना तर हा नियम अधिकच लागू. हे पाहणार कोण? आपल्या गल्लीगल्लीत गणेशोत्सवाची मंडळे आहेत. वर्गणीची वही घेऊन दारोदार जाणारी तीच मुले पावसाळ्यापूर्वी एकदा विहिरींची वही घेऊन फिरोत. कोणत्या वाड्याची विहीर जिवंत, कोणाची बुजली, हे आरतीनंतर मोठ्याने वाचून दाखवले तरी पुष्कळ होईल. आपल्या लोकांना दंडापेक्षा चारचौघांत नाव निघण्याची भीती अधिक असते.

कोणी म्हणेल, दहा-वीस विहिरींनी पृथ्वीचा ताप उतरणार आहे काय? नाही उतरणार. त्याला मोठ्या देशांनी मोठ्या मर्यादा घालून घ्याव्या लागतील, आणि त्या घालाव्यात म्हणून आपण त्यांच्याशी भांडत राहिलेच पाहिजे. परंतु “माझ्या एका विहिरीने काय होते?” हे वाक्य “माझ्या एका पानाने काय होते?” याचेच भावंड आहे. दुसऱ्याने वर्ज्य स्वर घेऊ नये असे सांगण्यापूर्वी आपण तो सोडलेला असावा लागतो. गुरू म्हणून एवढे मी रोज अनुभवतो. येत्या मृगापूर्वी एकाही वाड्याच्या विहिरीतला राडा निघाला, तर हा लेख लिहिल्याचे समाधान मला मिळेल.